ल्विव्हचे एकोणीस दिवस आणि पाचशे बारा युरोंचा विमा

हे प्रकरण २०२४ सालच्या उत्तरार्धातलं आहे. माणसांची आणि संस्थांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. रकमा त्या वेळच्या कागदांवरून घेतल्या आहेत, पण त्या या एकाच प्रवासाच्या आहेत. त्यांना दरपत्रक समजू नये. वय, मुक्काम, कामाचं स्वरूप आणि आठवडा बदलला की आकडाही बदलतो. तो कसा बदलतो हे दाखवणं हाच या लेखनाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

आमची संस्था लहान आहे. कृत्रिम हात-पाय बनवणारे आणि बसवणारे तंत्रज्ञ एका देशातून दुसऱ्या देशात शिकवायला पाठवायचे, एवढंच तिचं काम. प्रवास, व्हिसा आणि विमा या गोष्टी मी बघते.

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना आमच्याकडे सगळे 'बाई' म्हणतात. वय ५४. मांडीतून कापलेल्या पायाला सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, नीट बसवण्यात त्यांचा हात धरणारे फार थोडे. युक्रेनमध्ये सुरुंगांनी आणि तोफांच्या माऱ्याने हात-पाय गमावलेल्यांची संख्या इतकी आहे की तिथल्या केंद्रांना प्रत्येक अनुभवी हात हवा असतो. ल्विव्हमधल्या एका पुनर्वसन केंद्राने बाईंना बोलावलं आणि बाई लगेच हो म्हणाल्या.

मूळ बेत एकोणीस दिवसांचा होता. तेरा दिवस ल्विव्ह, चार दिवस खार्किव्ह आणि दोन दिवस जाण्यायेण्यात. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. म्हणून पोलंडपर्यंत विमान आणि तिथून रेल्वे असा मार्ग ठरला. पोलंडच्या सीमेजवळच्या प्शेमिशल स्थानकापर्यंत युक्रेनचे रुंद रूळ येतात, तिथे गाडी बदलायची आणि सीमा ओलांडायची.

विम्यासाठी अंदाजपत्रकात ४५० युरो धरले होते. हा आकडा मीच टाकला होता आणि तो नुसत्या अंदाजाने टाकला होता.

अडचण

बाईंकडे वर्षभराची एक प्रवास पॉलिसी आधीच होती. आमच्या समितीतल्या एकाने विचारलं, "मग नवीन कशाला?" प्रश्न रास्त होता. मी ती पॉलिसी छापून घेतली आणि वगळलेल्या बाबींचं पान पेन्सिल घेऊन वाचायला बसले. युद्ध, आक्रमण, परकीय शत्रूची कृती, यादवी, बंड, मग युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो, यांतून "प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे" उद्भवणाऱ्या कोणत्याही नुकसानीची भरपाई मिळणार नाही. 'अप्रत्यक्षपणे' या शब्दाखाली मी दोनदा रेघ मारली. पुढे या एकाच शब्दावर बरंच काही अवलंबून राहणार होतं.

त्याच पानावर खाली दुसरी अट होती. परराष्ट्र खात्याने जाऊ नका असं सांगितलेल्या ठिकाणी गेल्यास पॉलिसी लागू होणार नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या चार पातळ्यांच्या यादीत युक्रेन तेव्हा चौथ्या, म्हणजे 'प्रवास करू नका' या पातळीवर होतं आणि इतर अनेक देशांच्या सूचनाही तशाच कडक होत्या. ही अट लागू झाली की क्षेपणास्त्राचं सोडाच, साधं अपेंडिक्स दुखलं तरी भरपाई नाही. युद्धाचा अपवाद फक्त युद्धातल्या नुकसानीपुरता असतो, सूचनेचा अपवाद मात्र अख्खी पॉलिसी रद्द करतो. पुष्कळ प्रवासी पहिला अपवाद वाचतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

काही पॉलिसींमध्ये एक सवलत असते. तुम्ही देशात असताना अचानक युद्ध पेटलं तर बाहेर पडायला ठरावीक दिवस संरक्षण चालू राहतं. आपण जाण्याआधीच युद्ध चालू असेल तर तिचा काही उपयोग नाही.

विमा कंपन्या इतक्या अंग चोरून का वागतात हे समितीला समजावून सांगणं भाग होतं, नाहीतर पुढचे आकडे पाहून सगळ्यांना ती लूटच वाटली असती. विमा चालतो तो सगळ्यांवर एकदम संकट येत नाही या भरवशावर. हजार जणांनी थोडे थोडे पैसे द्यायचे आणि ज्या चार-दोघांवर वेळ येईल त्यांना त्यातून मिळायचे. युद्धात हा हिशोब कोलमडतो, कारण एकाच हॉटेलवर पडलेलं क्षेपणास्त्र एकाच रात्री वीस विमेदारांना गाठू शकतं. १९३७ साली ब्रिटनमधल्या विमा कंपन्या आणि लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारातले विमाकर्ते यांनी आपसांत ठरवलं की माल जहाजावर असेल तोवरच त्याला युद्धाचा विमा द्यायचा, जमिनीवरच्या मालाला नाही. स्पेनच्या यादवीत शहरांवर पडणारे बॉम्ब तेव्हा सगळं जग पाहत होतं. बंदरातल्या एका गोदामात किती मालकांचा माल एकदम जळू शकतो ही त्यांची भीती होती. आजच्या प्रवास पॉलिसीतला युद्धाचा अपवाद त्याच भीतीतून आला आहे.

समोर आलेले पर्याय

जुनी पॉलिसी बाद झाल्यावर मी तीन दिशांनी चौकशी केली.

पहिला पर्याय ऑनलाइन मिळणारा स्वस्त विमा. एकोणीस दिवसांचे ४८ युरो, आणि वर ठळक अक्षरांत 'युद्धाच्या जोखमीसह'. समितीला तो फार आवडला. मी पूर्ण मजकूर मागवला. वैद्यकीय खर्चाची मर्यादा ३०,००० युरो होती, पण युद्धामुळे झालेल्या इजेसाठी त्यातले फक्त १०,०००. युद्धाची इजा म्हणजे काय, याची व्याख्या होती स्फोट किंवा त्याचे तुकडे थेट शरीराला लागणं. उपचार देशातच होणार होते, देशाबाहेर नेण्याची सोय नव्हती. म्हणजे विमा खोटा नव्हता, लिहिलं होतं तेवढं तो देत होता. फक्त 'युद्धाच्या जोखमीसह' या शब्दांवरून माणूस जे समजतो ते सगळं त्यात नव्हतं.

दुसरा पर्याय धोक्याच्या प्रदेशांसाठीच विमा काढणाऱ्या कंपन्यांचा. हे काम दलालामार्फत होतं. आम्हाला भेटलेला दलाल शांत स्वभावाचा आणि चोख होता. त्याने आधी किंमत सांगितलीच नाही, प्रश्न विचारले. मुक्काम कोणत्या शहरात, कोणत्या रात्री? केंद्र लष्करी आहे की नागरी? प्रवास रेल्वेने की गाडीने? आधीपासून कोणते आजार आहेत? कर्फ्यूच्या वेळात बाहेर पडावं लागेल का? दोन दिवसांनी दोन आकडे आले. फक्त ल्विव्ह असेल तर ३९० युरो. चार दिवस खार्किव्ह धरलं तर १,४८०.

चार दिवसांसाठी जवळजवळ चौपट! समितीत यावर बराच गोंधळ झाला. पण नकाशा काढला की हा फरक समजतो. खार्किव्ह रशियाच्या सीमेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि क्षेपणास्त्र तिथे इतक्या लवकर पोचतं की इशारा कधी कधी स्फोटानंतर वाजतो. ल्विव्ह दुसऱ्या टोकाला आहे, पोलंडच्या सीमेपासून साधारण सत्तर किलोमीटरवर. जखमी माणसाला बाहेर काढायचं तर ल्विव्हहून रुग्णवाहिका काही तासांत सीमेवर पोचते. खार्किव्हहून हजार किलोमीटर जमिनीवरून जावं लागतं, कारण हवाई रुग्णवाहिका युक्रेनमध्ये उतरूच शकत नाही. ती पोलंडमधल्या झेशूफला थांबते. युक्रेनमधल्या जखमींना युरोपातल्या रुग्णालयांत पाठवण्याचं केंद्रही तेव्हा तिथेच होतं. दलालाचं एक वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं होतं: "तुम्ही बॉम्बची किंमत देत नाही आहात, अंतराची देत आहात."

तिसरा पर्याय म्हणजे वेगळा विमा न घेता बोलावणाऱ्या केंद्रावर भिस्त ठेवायची. केंद्राने मोठ्या मनाने कळवलं होतं की काही झालंच तर आम्ही सांभाळू. त्यांच्या शब्दाबद्दल मला शंका नव्हती. पण ज्या केंद्रापुढे रोज नवे जखमी येऊन उभे राहतात त्याच्या खाटेवर आणि पैशांवर आपल्या माणसाचा भार टाकणं मला पटलं नाही. हा पर्याय मी समितीपुढे मांडला आणि त्याच बैठकीत तो बाजूलाही ठेवायला लावला.

निर्णय कसे झाले

खार्किव्हचा निर्णय सगळ्यात जड गेला. बाईंना जायचं होतं. "तिथले लोक तिथेच राहतात ना? मग मला चार दिवस काय होतंय?" असं त्या म्हणाल्या. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. दलालाने ते चार दिवस वेगळे मोजून १,२३० पर्यंत आकडा खाली आणता येईल असं सांगितलं, पण तेही आमच्या आवाक्याबाहेर होतं. शेवटी असं ठरलं की खार्किव्हच्या कार्यशाळेतले दोन तंत्रज्ञ रात्रीच्या गाडीने ल्विव्हला यावेत आणि बाईंनी त्यांना तिथेच शिकवावं. बाईंनी ते मान्य केलं, पण त्या खूश नव्हत्या.

दुसरा निर्णय रक्तदाबाचा. बाईंना सहा वर्षांपासून गोळी चालू आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे. फॉर्मवरचा प्रश्न पाहून त्या म्हणाल्या, "हे कशाला लिहायचं? उगाच पैसे वाढतील." पैसे वाढले, ५५ युरो. ३९० चे ४४५ झाले. तरी अंदाजपत्रकात बसत होतं. मी लिहायलाच हवं असा आग्रह धरला. विमा हा दोन्ही बाजूंनी खरं सांगण्यावर उभा असलेला करार आहे. लपवलेली एक गोळी पुढे संबंध नसलेला क्लेमही अडवू शकते.

तिसरा मुद्दा केंद्राच्या स्वरूपाचा. केंद्र नागरी होतं, पण तिथे सैनिकांवरही उपचार होत. पॉलिसीत 'युद्धात सक्रिय सहभाग' आणि 'लष्करी आस्थापनेतील काम' या दोन्हींना संरक्षण नव्हतं. सैनिकाला पाय बसवणं हा सक्रिय सहभाग कसा होईल, असं आपल्याला वाटतं. जिनिव्हा करारांत तर वैद्यकीय काम करणाऱ्यांना वेगळं संरक्षणच आहे. पण क्लेमच्या वेळी पॉलिसीतले शब्द बघतात. मी दलालाला लिहून कळवलं की केंद्र नागरी आहे, रुग्णांत सैनिक असतील, आणि हे काम पॉलिसीत बसतं याची लेखी पुरवणी हवी. ती मिळाली. अर्ध्या पानाची ती पुरवणी मला अख्ख्या पॉलिसीपेक्षा मोलाची वाटली.

चौथा निर्णय वेळेवर झालाच नाही, आणि ती चूक आमची. कोटेशनची मुदत सात दिवसांची होती. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. मुदत संपली. तेवढ्यात, ४ सप्टेंबरला, ल्विव्हच्या मध्यवर्ती भागात राहत्या घरांवर हल्ला झाला आणि सात जणांचा जीव गेला. त्यांत एका घरातली आई आणि तिच्या तीन मुली होत्या. तोवर आम्ही सगळे ल्विव्हला 'मागचं, सुरक्षित शहर' म्हणत होतो. नवीन कोटेशन आलं ५१२ युरोंचं. रक्तदाबाची वाढ धरून आधीच्यापेक्षा ६७ युरो जास्त. दिवसाला साधारण २७ युरो.

अंदाजपत्रकापेक्षा ६२ युरो जास्त होत होते. समितीतल्या एकाने पुन्हा ४८ युरोंचा कागद पुढे केला. त्या वेळी मी दोन्ही पॉलिसी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकच प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता, कर्फ्यू चालू असताना, बाईंना ल्विव्हमधून सीमेवर न्यायचं असेल तर फोन कुणाला करायचा? एका कागदावर चोवीस तासांचा नंबर होता, दुसऱ्यावर कार्यालयाची वेळ. पाच मिनिटांत ५१२ ला मंजुरी मिळाली.

पॉलिसीत वैद्यकीय खर्चाची मर्यादा २,५०,००० युरो होती. देशाबाहेर नेण्याचा खर्च त्यात होता, पण मदत कंपनीच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने अडचणीत धावून येणाऱ्या कंपनीच्या, डॉक्टरांनी आधी होकार दिला तरच. पहिले २५० युरो आपण सोसायचे होते. किरणोत्सर्गामुळे होणारं नुकसान पूर्ण वगळलेलं होतं. तसं ते जवळपास सगळ्याच पॉलिसींमध्ये असतं, आणि झापोरिझ्झियाचा अणुवीज प्रकल्प युद्धाच्या छायेत असताना ते वाचून अंगावर काटा आला. शिवाय आघाडीपासून ठरावीक अंतराच्या आतला भाग आणि निर्बंध लागू असलेले, रशियाच्या ताब्यातले प्रदेश वगळलेले होते.

प्रत्यक्ष काय घडलं

बाई नोव्हेंबरमध्ये गेल्या. पहिले अकरा दिवस उत्तम गेले. खार्किव्हहून दोघे तंत्रज्ञ आले, एक तिशीतला तरुण आणि एक पन्नाशीची महिला. बाईंचे रोजचे निरोप सॉकेटबद्दलच असत.

बाराव्या रात्री सायरन वाजला. ऑक्टोबर २०२२ पासून रशिया वीजकेंद्रांवर आणि वाहिन्यांवर सतत हल्ले करत आला आहे आणि त्या दिवशीही शहराच्या त्या भागात वीज नव्हती. वसतिगृहाच्या तळघरात जायला दगडी जिना होता. बाई एका हातात फोनचा दिवा आणि दुसऱ्या हातात पांघरूण घेऊन उतरत होत्या. तिसऱ्या पायरीची कड तुटलेली होती. त्या आधी दहा-बारा वेळा त्याच पायरीवरून उतरल्या होत्या. त्या रात्री पांघरूण पायात आलं आणि उजवा घोटा मुरगळून त्या खाली गेल्या. क्षेपणास्त्र शहरावर पडलं नाही. दीड तासाने धोका टळल्याचा भोंगा झाला तोवर घोटा टम्म फुगला होता.

सकाळी रुग्णालयात कळलं की घोट्याची दोन्ही हाडं मोडली आहेत आणि शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी बसवावी लागेल. सूज उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. बाईंनी मला फोन केला, मी मदत कंपनीला. त्यांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र मागवून पाहिलं आणि सांगितलं की ल्विव्हमध्ये हे काम चांगलं होऊ शकतं, म्हणून तातडीने देशाबाहेर नेण्याची वैद्यकीय गरज नाही. मला आधी राग आला. मग बाईच म्हणाल्या, "अहो, हाडांचं काम यांच्याइतकं आज कोण करतंय? पण सूज उतरेपर्यंत मी यांची खाट अडवून बसणार नाही. मला घरी जाऊन करायचंय."

इथे आमच्या हातून दुसरी चूक झाली. तातडीची सुटका नाकारलेली असली तरी, डॉक्टरांच्या परवानगीने घरी परत नेण्याचं वेगळं कलम पॉलिसीत होतं. त्यासाठीही आधी होकार लागत होता. मी त्याची विचारणा करत होते. दोन दिवस कागद इकडून तिकडे फिरले. तेवढ्यात केंद्राचा एक स्वयंसेवक पोलंडला व्हॅन नेत होता, मागची बाकं आडवी करून पाय लांब ठेवता येणार होता. बाई मला न विचारता त्यात बसल्या आणि सीमेवरच्या रांगेतून मला निरोप पाठवला. रांग लांब होती, पण पाय प्लास्टरमध्ये आहे हे पाहून लोकांनी त्यांची गाडी पुढे सोडली.

प्शेमिशलपासून पुढे मदत कंपनीने सगळं हाती घेतलं. झेशूफपर्यंत रुग्णवाहिका, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनं, आणि विमानात पाय वर ठेवता यावा म्हणून जादा जागा. शस्त्रक्रिया घरी झाली.

क्लेमचा हिशोब

एकूण खर्च ६,८४० युरो दाखल केला. क्लेमच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'अपघात कसा झाला?' बाईंनी लिहिलं, 'हवाई हल्ल्याचा सायरन वाजल्यावर, वीज नसताना, तळघरात उतरताना.' समितीतल्या एकाने सुचवलं की सायरनचा उल्लेख गाळावा, नुसतं 'जिन्यावरून पडले' असं लिहावं. बाईंनी ऐकलं नाही आणि त्यांचं बरोबर होतं.

कंपनीने बाईंचा वैद्यकीय इतिहास मागवला. ल्विव्हच्या रुग्णालयाच्या कागदावर रक्तदाबाची गोळी लिहिलेली होती. आमच्या फॉर्मवरही ती होती. त्यामुळे तो विषय एका ईमेलमध्ये संपला. ५५ युरोंचं काम झालं.

सात आठवड्यांनी ६,४२० युरो जमा झाले. २५० आपण सोसायचे होते. व्हॅनच्या पेट्रोलचे आणि मोबदल्याचे १७० युरो कंपनीने नाकारले, कारण आधी होकार घेतला नव्हता. मी एकदा दाद मागितली, पुन्हा नकार आला, आणि तिथे थांबले. नियम लिहिलेला होता. १७० संस्थेने दिले.

मग मी दलालाला एक प्रश्न विचारला. हीच घटना त्या ४८ युरोंच्या पॉलिसीखाली घडली असती तर? त्याने मजकूर वाचून उत्तर दिलं. युद्धाच्या कलमाखाली काही मिळालं नसतं, कारण स्फोट किंवा तुकडा शरीराला लागला नव्हता. साध्या अपघाताच्या कलमाखाली मागितलं असतं तर त्या कलमात युद्धातून 'अप्रत्यक्षपणे' उद्भवलेल्या गोष्टी वगळलेल्या होत्या, आणि सायरन नसता तर बाई त्या जिन्यावर गेल्याच नसत्या, असं म्हणायला कंपनी मोकळी होती. म्हणजे ही इजा एका कलमासाठी पुरेशी युद्धातली नव्हती आणि दुसऱ्यासाठी पुरेशी साधी नव्हती. युद्ध चालू असलेल्या देशात जाणाऱ्या पाहुण्याला काय होऊ शकतं याचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर स्फोट येतो. पण अंधार, तुटकी पायरी, घाईत बंद न केलेली शेगडी, थंडीत रात्रभर जमिनीवर बसून छातीत भरलेला कफ, या गोष्टी अगदी त्या फटीतच पडतात.

पुन्हा करायचं झालं तर

पॉलिसी निवडताना मी आता आधी दोन व्याख्या वाचते, युद्धाची आणि अपघाताची. त्या दोन्हींच्या मधे जागा उरते का ते बघते. किंमत त्यानंतर.

कोटेशन मागवायच्या आधीच समितीकडून रकमेची वरची मर्यादा मंजूर करून घेते. ६७ युरो फार नाहीत, पण ते आमच्या बैठका पुढे ढकलण्याचे होते आणि ल्विव्हमध्ये माणसं गेल्यावर वाढलेले होते. ते भरताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

निघण्याआधी प्रवाशाबरोबर बसून एक तालीम करते. फोन कुणाला, कोणत्या क्रमाने, कशासाठी होकार लागतो आणि होकार यायला किती वेळ लागू शकतो. बाईंना पॉलिसीचा नंबर पाठ होता, पण घरी आणण्याचं कलम वेगळं आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्या व्हॅनमध्ये बसल्या यात त्यांचा दोष मी धरत नाही. दोन दिवस उत्तराची वाट पाहायला लागणं हा दोष माझ्या तयारीचा. रवाना होण्यापूर्वीच मदत कंपनीला मार्ग, केंद्राचा पत्ता आणि जवळचं रुग्णालय कळवून ठेवलं असतं तर निम्मे कागद आधीच झाले असते.

एका घटनेत अनेक विमेदार जखमी झाले तर सगळ्यांना मिळून किती मिळणार, ही मर्यादा मी त्या वेळी वाचलीच नव्हती. एकाच माणसाला पाठवायचं होतं म्हणून ती आमच्या आड आली नाही. दोघे-तिघे एका छताखाली राहणार असतील तर तो आकडा सगळ्यात आधी बघायला हवा.

खार्किव्हबद्दलचा निर्णय मला अजून स्वस्थ बसू देत नाही. आकडा परवडत नाही म्हणून आम्ही बाईंना तिकडे पाठवलं नाही, हे योग्यच होतं. पण त्यामुळे दोन माणसं हजार किलोमीटर रेल्वेने आली आणि तेवढीच परत गेली, तेही रेल्वेस्थानकांवर आणि रुळांवर हल्ले होत असलेल्या देशात. त्यांच्या नावावर कसलीही पॉलिसी नव्हती आणि आमच्या कुणाच्या ते मनातही आलं नाही. १,४८० युरोंची जोखीम आम्ही टाळली असं कागदावर दिसत होतं. खरं तर ती आम्ही दुसऱ्या दोघांच्या खांद्यावर दिली होती.

पुढच्या खेपेला मी दलालाला विचारलं की त्या दोघांना आमच्या पॉलिसीत घेता येईल का. नाही, असं उत्तर आलं. ती पॉलिसी परदेशातून येणाऱ्यांची आहे, तिथल्या रहिवाशांची नाही. मग युक्रेनमधल्याच एका विमा कंपनीकडून दोघांसाठी युद्धाच्या जोखमीसह अपघाती विमा घेतला. मर्यादा लहान आहे आणि व्याख्या अरुंद आहे, ती मी त्यांना वाचून दाखवली. प्रवासाच्या अंदाजपत्रकात आता विम्याच्या ओळीखाली तीन नावं असतात. बाई पुन्हा जाणार आहेत. घोट्यात पट्टी आहे, जिना उतरताना त्या कठडा धरतात, आणि या वेळच्या फॉर्मवर रक्तदाबाच्या खाली त्यांनी स्वतःहून तीही लिहिली आहे.